दीडशे दिवसांचे पाणी

कॅलिफोर्नियातील एका डोंगराच्या पोटात, प्रचंड पोलादी दाराच्या आड, माणसांची एक लहानशी वसाहत नांदत आहे. बाहेरच्या जगात २०७७ साली अणुयुद्ध झाले. त्या वेळी जे आत शिरले, त्यांची नातवंडे-पतवंडे आता तेथे राहतात. सूर्य त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. साल आहे २१६१. एके दिवशी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातील एक चिप निकामी होते. जोडीची दुसरी चिप भांडारात नाही. शिल्लक पाणी १५० दिवस पुरेल, असा हिशेब निघतो. वसाहतीचा प्रमुख एका रहिवाशाला बोलावतो, दोन-चार साधने त्याच्या हाती देतो, नवी चिप शोधून आणावयास सांगतो, आणि त्याच्यामागे दार लावून घेतो. दाराबाहेर, गुहेच्या अंधारात, पूर्वी कधीतरी बाहेर पडलेल्या एका माणसाचा सांगाडा पडलेला आहे.

‘फॉलआउट’ नावाच्या व्हिडिओ गेमचा हा आरंभ होय. अणुस्फोटानंतर आकाशातून सावकाश खाली बसणाऱ्या विषारी धुळीला इंग्रजीत जे नाव आहे, तेच या खेळाने धारण केले आहे. अमेरिकेतील इंटरप्ले या कंपनीने १९९७ साली तो प्रसिद्ध केला. टिम केन या प्रोग्रामरने १९९४ च्या सुमारास जवळजवळ एकट्याने त्याच्या कामास आरंभ केला होता. पुढे लिओनार्ड बोयार्स्की, जेसन अँडरसन, ख्रिस टेलर प्रभृती त्यास येऊन मिळाले. त्यानंतर या नावाचे गोत मोठे वाढले. दुसरा खेळ १९९८ साली आला, पुढे हक्क बेथेस्डा या दुसऱ्या कंपनीकडे गेले, तिने २००८ साली तिसरा खेळ काढला, आणि २०२४ साली तर या जगावर दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. या साऱ्या विस्ताराची कीर्ती आज मोठी आहे. परंतु मूळ पुरुषाचे गुणदोष वंशजांच्या वैभवावरून मोजू नयेत. तो पहिला खेळ स्वतःच्याच बळावर तोलून पाहण्याच्या योग्यतेचा आहे.

व्हिडिओ गेम म्हटला की घरातील वडील माणसांच्या डोळ्यांपुढे पडद्याला खिळलेला मुलगा, बंदुकीचे आवाज आणि थंड होत चाललेले ताट एवढेच उभे राहते. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. पण या करमणुकीतही प्रकार आहेत, आणि त्यांतील एक प्रकार आपल्या सोंगांच्या खेळाशी नाते सांगणारा आहे. त्यात खेळणारा एक सोंग घेतो. त्या सोंगाचे बळ, बुद्धी, स्वभाव आधी ठरतो आणि मग कथा जसजशी पुढे सरकेल तसतसे त्या सोंगाला शोभेल असे बोलावे व वागावे लागते. कथालेखक प्रसंग उभा करतो. त्या प्रसंगी काय करावयाचे, हे मात्र खेळणाऱ्याने ठरवावयाचे. अशा खेळाची कसोटी एकच असू शकते. खेळणाऱ्याने जे ठरविले त्याचा त्या जगावर खरोखर काही परिणाम होतो काय, की निवड हा केवळ देखावा असतो?

‘फॉलआउट’मध्ये सोंग सजविण्याचा विधी मोठा मनोरंजक आहे. ताकद, आकलन, सहनशक्ती, मोहकपणा, बुद्धी, चापल्य आणि दैव असे सात मूलगुण. प्रत्येकाचे माप १ ते १०. आरंभी सर्वांना पाच-पाच गुण दिलेले असतात आणि आणखी पाच खेळणाऱ्याच्या हाती असतात. एकीकडे वाढवावयाचे तर पदरचे खर्च करावयाचे किंवा दुसरीकडचे कमी करावयाचे. आपल्याकडे विद्या चौदा मोजल्या. येथे अठरा आहेत. नेमबाजी, कुलपे उघडणे, वैद्यकी, शास्त्रज्ञान, दुरुस्ती, वक्तृत्व, सौदेबाजी, चोरी, जुगारसुद्धा! त्यांतील तीन विशेष म्हणून निवडावयाच्या. अंदाजपत्रक तयार करणाऱ्यास ज्या विवंचना असतात त्या सर्व या एका पानावर भेटतात. आणि येथे घेतलेला निर्णय पुढे विसरला जात नाही. एखाद्याने विनोद म्हणून बुद्धीचे माप अगदी खाली आणून ठेवले, तर त्याच्या नायकाला पुढे धड वाक्य बोलता येत नाही. तो नुसता हुंकारतो. समोरची माणसे त्याला कीव येऊन किंवा कंटाळून वाटेला लावतात, आणि कथेचे कितीतरी दरवाजे त्याच्यापुरते बंदच राहतात. सोंग पुरते वठले पाहिजे, हा आग्रह इतक्या निष्ठेने पाळणारे खेळ त्यापूर्वी फार थोडे झाले होते.

या जगाचे रंगरूपही निराळे आहे. नाश झालेला आहे तो आजच्या जगाचा नव्हे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील माणसांनी भविष्याची जी चित्रे रंगविली होती, तेच भविष्य येथे प्रत्यक्षात आले आणि मग जळून गेले, अशी ही कल्पना आहे. म्हणून अणुशक्तीवर चालणारी यंत्रे आहेत, पण त्यांच्या पोटात व्हॉल्व्ह आहेत; बोलणारे संगणक आहेत, पण ते खोलीएवढे आहेत. जाहिरातींतला गुटगुटीत मुलगा डोळा मिचकावून हसतो आहे आणि त्याच्यामागे भिंत कोसळलेली आहे. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, तो तापून बोलू लागेपर्यंत ज्यांनी वाट पाहिली आहे, त्यांना या चित्रांतील खिन्नता समजावून सांगावी लागणार नाही. ही निर्मिती भविष्याविषयीच्या एका जुन्या, भाबड्या विश्वासाचा शोक करते, आणि तो शोक विनोदाच्या मिषाने करते.

तथापि तिचा सर्वांत मोठा गुण चित्रांत नाही. तो काळाच्या हिशेबात आहे. म्हण अशी की, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. येथे ते पाण्याचे आणता येत नाही. नकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे तर दिवस जातात. जखमा बऱ्या करीत बसले तरी दिवस जातात. मनगटावर बांधलेल्या यंत्रात उरलेल्या दिवसांचा आकडा दिसत राहतो. बहुतेक खेळांत राजकन्या संकटात असते, पण नायकाने वाटेत शंभर उद्योग केले तरी ती तशीच, तितक्याच संकटात, मुकाट्याने वाट पाहत असते. येथे तसे नाही. १५० दिवस संपले की खालची माणसे तहानेने मेली, आणि खेळ संपला.

वाटेत पहिले गाव लागते त्याचे नाव शेडी सँड्स. मातीच्या भिंती, विहीर आणि शेत असा त्याचा संसार. गावचा म्होरक्या आरादेश या नावाचा आहे आणि त्याच्या तोंडी ‘धर्म’ हा शब्द येतो. महासागरापलीकडच्या वाळवंटात, तेही प्रलयानंतर, हा शब्द कानी पडला की भारतीय खेळणारा क्षणभर थबकतो. या गावाला विंचवांनी ग्रासले आहे. साधे विंचू नव्हेत, किरणोत्साराने वाढून वासराएवढे झालेले. ते मारता येतात. पण ज्याला शास्त्रज्ञानाची विद्या साधली आहे त्याला याच गावातील एका शेतकऱ्यास पिकांची फेरपालट कशी करावी हेही सांगता येते, आणि त्याबद्दल रणांगणातल्यासारखाच अनुभव पदरी पडतो. बंदुकांच्या या खेळात नांगराचा हा एवढासा सन्मान ज्यांना सुचला, त्यांची दृष्टी सामान्य म्हणता येणार नाही. पुढे आरादेशाची मुलगी तांडी हिला लुटारू पळवून नेतात. तिला सोडवावयाचे तर सर्वांशी लढता येते, खंडणी देता येते, सरदाराला द्वंद्वाचे आव्हान देता येते. आणि योग आला तर त्याच्या मृत बापाचे भूत बनून त्याची गाळणही उडविता येते. दुसऱ्या खेळात, म्हणजे कथेतील ऐंशी वर्षांनंतर, हीच तांडी एका प्रजासत्ताकाची वृद्ध अध्यक्षा म्हणून भेटते.

चिप अखेर मिळते ती नेक्रोपोलिस या मृतांच्या नगरीत. येथे राहणारी माणसे युद्धाच्या किरणोत्सारातून वाचली, पण त्यांची कातडी गळून गेली. त्यांच्याकडे पाहवत नाही. त्यांच्या शहराखालच्या तळघरात ती चिप चालू आहे, आणि त्यांचे पाणी तिच्यावरच अवलंबून आहे. खेळणाऱ्याने ती काढून घेतली तर त्याची माणसे वाचतील आणि ही मरतील. त्याला कोणी अडवीत नाही, कोणी उपदेशही करीत नाही. गटारांत लपून राहणारे काही रहिवासी एवढेच सांगतात की वर एक बंद पडलेला पंप आहे, तो दुरुस्त झाला तर त्यांना चिपेची गरज उरणार नाही. दुरुस्तीस वेळ हवा, सामान हवे आणि ती विद्या हवी. मनगटावरचा आकडा तर घटतो आहे. ज्याने आरंभी त्या अठरांच्या यादीत दुरुस्तीकडे दुर्लक्ष केले, त्याला त्या निष्काळजीपणाची किंमत येथे कळते. जगातील वाईट कृत्यांपैकी पुष्कळशी दुष्टपणाने होत नाहीत, घाईने होतात. हे सत्य कादंबरीने अनेकदा सांगितले आहे. ते वाचणाऱ्याच्या स्वतःच्या हातून घडवून दाखविणे तिला शक्य नव्हते.

कथेच्या शेवटी जो प्रतिपक्षी भेटतो त्याला सारे ‘मास्टर’ म्हणतात. तो एकेकाळी माणूस होता. एका विषाणूच्या हौदात पडून यंत्राशी आणि मांसाशी एकजीव झालेला असा काही आता उरला आहे, आणि एकाच वाक्यात तो अनेक आवाजांनी बोलतो. त्याचे म्हणणे असे की माणसांत भेद होते म्हणून युद्ध झाले; सर्वांना त्याच विषाणूत बुडवून एकच बलाढ्य जात निर्माण केली की युद्धाचे कारणच उरणार नाही. हे तो क्रूरपणे बोलत नाही, कळवळ्याने बोलतो. त्याच्याशी लढता येते, त्याच्या गडाखालचा बाँबही उडविता येतो. पण तिसरा एक मार्ग आहे. पोलादी चिलखतांतल्या एका बंधुसंघाच्या दप्तरी या नव्या जातीच्या शवविच्छेदनाचा अहवाल पडलेला आहे. त्यात नमूद आहे की या जातीला संतती होत नाही. हा अहवाल ज्याने मिळविला आणि ज्याच्या वाणीत तेवढे बळ आहे, तो मास्टरसमोर ते कागद ठेवू शकतो. आणि मास्टर ऐकतो. त्याचे सारे स्वप्न त्या एका ओळीने ढासळते. आपण जे केले ते व्यर्थ केले, हे उमगून तो स्वतःच्या हाताने सर्वनाश ओढवून घेतो. ज्यांनी मोठ्या योजनांच्या फायली हाताळल्या आहेत, त्यांना हा प्रसंग काल्पनिक वाटणार नाही. हेतू उदात्त, मांडणी भव्य, आणि मुळातला एक आकडा कोणी तपासलेला नाही!

आता दुसरी बाजू. तीही लहान नाही.

पहिली गोष्ट, या अठरा विद्या सारख्या मोलाच्या नाहीत. नेमबाजी, वक्तृत्व आणि कुलपे उघडण्याची कला ज्याने घेतली त्याला जग सोपे जाते. फेकण्याची किंवा सापळ्यांची विद्या घेणारा प्रामाणिक माणूस मात्र बहुतांशी फसतो. जुगाराचे कौशल्य वाढविले तर एकाच टेबलापाशी बसून हवा तितका पैसा जमविता येतो आणि सौदेबाजीचा अर्थ संपतो. मोहकपणा हा सातांपैकी एक मूलगुण. पण या पहिल्या खेळात तो शून्यवत केला तरी फारसे काही बिघडत नाही. खेळणाऱ्याला हे आधी सांगितले जात नाही. निवडीचे स्वातंत्र्य दिले, पण त्यांतील काही वाटा बांधावयाच्या राहून गेल्या. याला अंशतः कारण आहे. ‘गर्प्स’ या नावाच्या एका प्रसिद्ध नियमावलीवर हा खेळ उभारावयाचा होता. तो करार काम बरेच पुढे गेल्यावर मोडला आणि स्वतःचे नियम थोड्या अवधीत रचावे लागले. कारण समजले म्हणजे दोष नाहीसा होत नाही.

सोबत्यांची गोष्ट तर हास्यास्पद आहे. इयन नावाचा एक मनुष्य थोड्या पैशांत नायकाबरोबर येतो. त्याच्या हाती स्वयंचलित बंदूक दिली की तो शत्रूवर गोळ्यांचा वर्षाव करतो. मध्ये नायकाची पाठ आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्याला थांब म्हणून सांगण्याची सोय नाही. त्याच्याकडे ठेवावयास दिलेली वस्तू परत हवी असेल तर स्वतःच्याच सोबत्याकडून ती विकत घ्यावी किंवा चोरावी लागते. तो अरुंद दारात उभा राहिला तर धनी आत अडकून पडतो. एक इमानी कुत्राही बरोबर येतो. त्याच्यावर सर्वांचा जीव जडतो, आणि अखेरच्या तळावरील विजेच्या पडद्यांत तो बिचारा स्वतःहून शिरून मरतो. त्या कुत्र्यासाठी हळहळलेली माणसे मास्टरसाठी हळहळलेल्यांपेक्षा अधिक निघतील. लढाईदेखील पाळीपाळीने चालते. बुद्धिबळासारखा विचार करावयास त्यामुळे अवसर मिळतो हे खरे, पण गर्दीच्या गावात झटापट झाली की वीस-पंचवीस माणसांची एकेक पाळी संपेपर्यंत हात बांधून बसावे लागते.

रक्तपाताचे काय? शब्दाने शत्रूला जिंकता येते हे दाखविणारा हाच खेळ गोळी लागलेल्या देहाच्या चिंधड्या मोठ्या चवीने दाखवितो. त्या अधिक भयानक दिसाव्यात म्हणून निवडावयाचा एक खास स्वभावविशेषही त्यात आहे. मुलांवर गोळी झाडणे शक्य होते म्हणून युरोपातील आवृत्तींत मुले पडद्यावरून अदृश्य करण्यात आली. म्हणजे प्रश्न सुटला नाही, फक्त दिसेनासा झाला. हिंसेचे परिणाम दाखविणे निराळे आणि हिंसेची मौज घेणे निराळे. ही रेषा या मंडळींना प्रत्येक वेळी सांभाळता आलेली नाही.

परंतु याहून खोल असे दोन दोष आहेत, आणि ते कौशल्याचे नसून धैर्याचे आहेत. जंकटाउन नावाच्या गावी किलियन हा दुकानदार नगरप्रमुख आहे आणि गिझ्मो हा जुगाराच्या अड्ड्याचा लठ्ठ मालक. दोघांपैकी कोणाला साह्य करावयाचे हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. मूळ आराखड्यात असे होते की किलियनचा न्याय इतका कठोर होतो की गाव खुरटते, आणि गिझ्मो स्वतःच्या फायद्यासाठी का होईना पण गावाची भरभराट करतो. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वी हे बदलण्यात आले. सज्जनाची बाजू घेणाऱ्यास चांगलेच फळ मिळावे, असे ठरले. बदलामुळे कोणाचेही मन दुखावले नाही. पण ज्या एका ठिकाणी खेळणाऱ्याला सद्हेतू आणि सत्परिणाम यांतील अंतर दिसावयाचे, ते ठिकाण सपाट झाले.

दुसरा दोष काळाचा. चिप आणून दिली म्हणजे घड्याळ थांबत नसे. ५०० दिवसांच्या आत मास्टरचा बंदोबस्त झाला नाही, तर त्याची सेना तळघर शोधून काढी. व्यापाऱ्यांच्या शहरी दोन हजार बुचे मोजून – बाटल्यांची बुचे हेच या जगातले नाणे – वसाहतीकडे पाण्याचे तांडे पाठविता येत. त्याने पहिल्या मुदतीत १०० दिवसांची भर पडे; पण तांडे गेले की गुप्त ठिकाणाचा बोभाटा होई आणि सेना तितकीच लवकर येऊन ठेपे. आजची तहान भागवावी की उद्याचे संकट टाळावे, असा तो पेच होता. पुढे दुरुस्तीचा जो संच निघाला त्यात ही दुसरी मुदत तेरा वर्षांवर नेण्यात आली, म्हणजे जवळजवळ रद्द झाली. कित्येक खेळणाऱ्यांना घाई नको होती, आणि त्यांची बाजू अगदीच अन्यायाची नव्हती; वाळवंट हिंडून पाहण्याजोगेच आहे. पण त्यामुळे तांड्यांचा पेच नाहीसा झाला. आता पैसे टाकावेत, दिवस मिळवावेत आणि निर्धास्त असावे. वंशजांनी तर ती पहिली, पाण्याची मुदतही आपल्या खेळांतून काढून टाकली. त्यांची नगरे मोठी झाली, चित्रे देखणी झाली, पण तेथील संकटे खेळणाऱ्याच्या सवडीची वाट पाहू लागली.

सर्व संपल्यावर, मास्टर मेल्यावर, प्रत्येक गावाचे पुढे काय झाले याची हकिगत एक धीरगंभीर आवाज थोडक्यात सांगतो. मग नायक आपल्या डोंगराशी परत येतो. वसाहतीचा प्रमुख दाराबाहेर येऊन उभा असतो. तो आभार मानतो, आणि मग चाचरत सांगू लागतो की आतील तरुण आता या पराक्रमाच्या कथा ऐकतील, त्याच्यासारखे व्हावे म्हणून बाहेर निघून जातील आणि वसाहत रिकामी होईल. तेव्हा ज्याने सर्वांना वाचविले त्याला आत घेता येत नाही. बोलताना त्याचा कंठ दाटतो. तो अप्रामाणिक वाटत नाही. ज्याच्यावर एका आसऱ्याची जबाबदारी आहे त्याने असा विचार केला असता, एवढे नाकबूल करता येत नाही.

इतका वेळ ज्या खेळाने प्रत्येक माणसासमोर चार-चार उत्तरे ठेवली, लुटारूला काय म्हणावे, शेतकऱ्याला काय सांगावे, मास्टरला कसे समजवावे यांसाठी शब्द पुरविले, तो खेळ या ठिकाणी खेळणाऱ्याला बोलावयास एकही वाक्य देत नाही. कित्येकांना हा अन्याय वाटला आहे. निवडीचे वचन शेवटच्या क्षणी मोडले, असा त्यांचा आक्षेप आहे, आणि शब्दशः पाहिले तर तो खरा आहे. पण काढून टाकलेल्या माणसाला कोठे काय बोलू देतात? प्रमुख मागे वळतो. दार लागते. निळ्या पोशाखातला तो एकटा माणूस मान खाली घालून वाळूतून चालू लागतो. आणि आत, डोंगराच्या पोटात, त्याने आणलेल्या चिपेवर पाणी वाहत असते.